युसूफभाईंनी शोधलेली गळती

युसूफभाईंच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी पाहुण्यांसाठी थालीपिठं लावत होते. "मावशी, अब्बा गेले सकाळी," एवढंच बोलली ती. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. रडू नंतर आलं. आधी आली ती लाज... आणि ती का आली, हे सांगायलाच दीड महिन्यानंतर लिहायला बसले आहे. मी फटकळ आहे हे ओळखणारे ओळखतात. आज तो फटका माझ्याच पाठीवर.

युसूफभाई म्हणजे जुन्या नाशकातले फायबरचे कारागीर. पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या आणि धरणावरच्या बोटी, असं त्यांचं काम. नाशिकजवळ धरणाच्या कडेला आमची द्राक्षबाग आहे. तिथे दोन खोल्या बांधून आम्ही पाहुणे ठेवतो आणि त्यांना पाण्यातून फिरवायला एक जुनी मोटारबोट घेतली आहे. आमचे हे नकोच म्हणत होते, मी हट्टाने घेतली आणि चालवायलाही मीच शिकले. बोटीच्या तळाला तडा होता, तो युसूफभाईंनी भरून दिला. काम करताना सतत बोलायचे, आणि बोलता बोलता तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसा हात तळावरून फिरवायचे. माझ्या हातचं वांग्याचं भरीत त्यांना फार आवडायचं. जेवायला बसले की म्हणत, "ताई, भरीत तुमच्यापेक्षा कमीच तिखट आहे हं!" मला असं तोंडावर बोलणारे दोघंच, एक युसूफभाई आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई.

त्यांनी तडा भरला त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, बोट पाणी घ्यायला लागली. सकाळी काठाला बांधलेली असताना कोरडी ठणठणीत, आणि सहा माणसं बसवून एक फेरी मारली की फळ्यांखाली पाणी! फळी उचलून बघितलं तर पाणी नेमकं युसूफभाईंनी भरलेल्या जोडापाशी साचलेलं. झालं, माझं डोकंच फिरलं. धरणावरचे पाच-सहा बोटवाले तिथेच उभे होते. त्यांच्यासमोर मी फोन लावला, तोही स्पीकरवर. "काय हो युसूफभाई, काम केलंत की थट्टा? लोक लेकरं घेऊन बसतात यात!" ते "येतो ताई, बघतो" म्हणत होते, तेवढ्यात मी फोन ठेवला. "लय कच्चं काम दिसतंय त्यांचं," एक बोटवाला म्हणाला. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच युसूफभाई हजर. बोटवालेही गंमत बघायला जमले. रागाचं नाव नाही, आल्या आल्या विचारलं, "पहिले सांगा ताई, रिकामी गळते की माणसं बसल्यावर?"

"माणसं बसल्यावर. वजनाने तुमचा जोड उघडत असेल," मी फणकाऱ्याने म्हटलं.

ते नुसते हसले. बोट काठावर ओढून जुन्या टायरांवर ठेवली, पुढची बाजू उचलून टेकू दिला आणि सगळं अंग बाहेरून कोरडं पुसून घेतलं. मग माझ्याकडे रांगोळी मागितली. "पूजा मांडताय की काय?" मी म्हटलं. त्यांनी ती रांगोळी फडक्याने बोटीला बाहेरून फासली आणि म्हणाले, "आता बोटीत पाणी ओता." सगळे हसायला लागले. पाणी काढायचं सोडून हा माणूस भरतोय! पण ते शांतपणे म्हणाले, "पाण्यात असताना पाणी कुठून शिरतं ते दिसत नाही, ताई. इथे आतून बाहेर आलं की ओली रांगोळी लगेच दाखवेल."

आम्ही पाइप लावला. ते पाठीवर आडवे होऊन चिखलात, बोटीखाली. त्यांचा जोड पाण्याखाली गेला, तरी बाहेरून कोरडा. माझा चेहरा उतरायला लागला. मागच्या बाजूला पाणी चढत चढत वर आलं आणि तिथल्या नावाच्या पाटीखालून रांगोळीत एक ओली रेघ खाली आली. युसूफभाईंनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोटवाल्यांना म्हणाले, "तुम्ही जरा टपरीवरून चहा घेऊन या सगळे. मी काही पळून जात नाही."

ते गेल्यावर त्यांनी पाटी काढली. ती मी लावली होती. दसऱ्याला बोटीची पूजा करायची म्हणून हौसेने नाव रंगवून आणलं आणि घरच्या ड्रिलने चार भोकं पाडून स्क्रूने बसवलं. मिस्त्री कशाला हवा, माझी मी खंबीर! बोट रिकामी असली की ती भोकं पाण्याच्या वर राहायची. माणसं बसली की मागची बाजू दबायची आणि खालची दोन भोकं पाण्यात जायची. आत शिरलेलं पाणी फळ्यांखालून वाहत जोडापाशी साचायचं, कारण सखल जागा तीच होती.

त्यांनी एका शब्दाने टोमणा न मारता भोकं बुजवली. तोवर बोटवाले आले. "काय निघालं?" हात पुसत युसूफभाई म्हणाले, "माझाच जोड जरा कच्चा राहिला होता. केला पक्का." आणि गावाला बोलून हैराण करणारी मी गप्प बसले. फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा विचारलं, "असं का हो बोललात?" म्हणाले, "आधीच इथे हसतात, बाईच्या बोटीत कोण बसणार म्हणून. तुमची बोट चालली पाहिजे, ताई."

माझी बोट चालली. त्यांना मात्र धरणावर पुन्हा कुणी काम दिलं नाही. मला ते दिसत होतं. सांगू, पुढच्या खेपेला सांगू, म्हणत सहा-सात वर्षं गेली. ते दरवर्षी आमची बोट तपासायला यायचे, भरीत-भाकरी खायचे, आणि तो विषय कधी काढला नाही त्यांनी.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर मी त्यांच्या कारखान्यात गेले. एकच खोली, फायबरच्या गुंडाळ्या, डोळ्यांना झोंबणारा वास. आता तो कारखाना शबाना चालवते. मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातला ब्रश ठेवला.

"त्या वर्षापर्यंत प्रत्येक बोटीला अब्बा मला सोबत न्यायचे," ती म्हणाली. "मग एकदम बंद केलं, तुमच्याकडे यायचे तेही एकटेच. मी किती भांडले, रडले... काही बोलायचेच नाहीत. मला वाटलं, मी मोठी झाले, मुलगी आहे, म्हणून."

मग म्हणाली, "तिथले लोक त्यांच्याबद्दल काय बोलतात ते मी ऐकू नये, म्हणून होतं तर ते."

युसूफभाईंचं नुकसान मला ठाऊक होतं. या पोरीचं कधी मनातही आलं नव्हतं. मी हात जोडले. ती म्हणाली, "मला नका सांगू, मावशी. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांना सांगा."

पेपरच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहिते आहे, ती धरणावरच्या टपरीत हातोहात फिरते. तर भावांनो, वाचा. युसूफभाईंचा जोड कधीच गळला नाही, आजही कोरडा आहे. भोकं मी पाडली होती. येत्या शनिवारी शबाना हत्यारांची पेटी घेऊन धरणावर येते आहे, आणि तिला आणायला मी स्वतः स्टँडवर जाणार आहे.