स्लिपर क्लच लावूनही न गेलेला आवाज

“सर, माझ्या मागे कोण होतं?”

प्राजक्ताने हेल्मेटही काढलं नव्हतं. बाइक पडली तिथेच सोडून ती माझ्याकडे चालत आली. वळणात असताना तिने मान फिरवून मागे बघितलं होतं आणि तेवढ्यात मागचं चाक निसटलं होतं. गुडघ्याचं पॅड फाटलं. बाकी काही लागलं नाही.

“कोणी नव्हतं. आपण दोघंच आहोत इथे.”

“मग ठोकत कोण होतं?”

मी सुपरमोटो शिकवतो. म्हणजे मातीत चालवायची हलकी, उंच बाइक, पण तिला टायर रस्त्याचे. ती वळणात मागच्या चाकावर घसरवत न्यायची, म्हणजे स्लाइड, हा त्यातला मुख्य धडा. प्राजक्ता नेरुळची दातांची डॉक्टर. उरणजवळ द्रोणागिरीतल्या एका कंटेनर यार्डाचा कोपरा मला रविवारी वापरायला मिळायचा. तीन बाजूंना रिकाम्या कंटेनरच्या थप्प्या, चौथ्या बाजूला खाडी. हिवाळ्यात तिथे भर दुपारीसुद्धा धुरकट असतं. थप्प्यांमधल्या गल्ल्या पुढे दिसेनाशा होतात.

त्या शेवटच्या वळणावर ठक-ठक आवाज येतो, ही तक्रार मला नवी नव्हती. आधीचे विद्यार्थीही सांगायचे. माझं उत्तर तयार असायचं. वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला की मागचं चाक हलकं होतं. त्याच वेळी गिअर पटापट खाली टाकले की इंजिन त्या चाकाला मागे ओढतं. हलकं चाक मग जमिनीवर उड्या मारतं. त्याला आम्ही चॅटर म्हणतो. क्लच अलगद सोडायला शिकलं की ते जातं.

प्राजक्ताचं जात नव्हतं, म्हणून मी तिच्या बाइकला स्लिपर क्लच बसवला. चाक इंजिनला ढकलायला लागलं की या क्लचच्या प्लेटा आपोआप थोड्या सरकतात. ओढ कमी होते, चाक उड्या मारत नाही. शिकणाऱ्याला फक्त मागच्या ब्रेककडे आणि शरीराच्या तोलाकडे लक्ष देता येतं.

त्या दिवशी मागे बघेपर्यंत तिचा स्लाइड सुंदर होता. चाकाने एकही उडी मारली नव्हती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरीही ती म्हणत होती, कोणीतरी ठोकत मागून आलं.

“कानांनी नाही ऐकलं, सर. सीटमधून आलं. जवळ जवळ येत होतं.”

मी स्वतः बाइक घेतली. वळणात गेलो. ठक. ठक. पायाखालच्या फूटपेगमधून अगदी स्पष्ट आलं. दुसऱ्या फेरीला क्लच पूर्ण दाबून ठेवला, म्हणजे इंजिनचा चाकाशी संबंधच नाही. तरी ठक. तिसऱ्या फेरीला इंजिन बंद केलं आणि नुसत्या वेगावर वळणात शिरलो. टायरची सरसर, आणि त्याखाली, शांतपणे, ठक.

मी बाइक स्टँडला लावली. आवाज थांबला नाही.

प्राजक्ता हळू आवाजात म्हणाली, “सर, गाडी उभी आहे.”

“हो.”

तिने ग्लोव्ह काढून काँक्रीटच्या सांध्यावर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला. मी ठेवला. सांध्यातून गार हवा वर येत होती. खारट, कुजकट वास. थोडा वेळ यायची, मग थांबायची आणि उलट आत ओढली जायची. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी हात धरल्यासारखं वाटलं.

“चल, बाजूला हो. सावकाश चाल.”

मी यार्डाच्या मॅनेजरला बोलावलं. पाटील, इथलेच, उरणजवळच्या गावचे.

“काय नाय हो सर, भरावाची जमीन हाय. थोडी बोलनारच.”

“पाटील, खाली पोकळ आहे. हे वळण बंद करा.”

“उद्या इथं भरलेले डबे लागनार हायेत. साहेबाला काय सांगू, बाइकचा मास्तर घाबरला?”

“तुमचा रीच-स्टॅकर, ती एवढी अवजड क्रेन, कंटेनर उचलून इथूनच जाणार ना? वर केबिनमध्ये माणूस असतो.”

पाटील वाकले आणि सांध्यावर हात धरला. हवा आली, थांबली, परत आत गेली. खालून ठक झालं. त्यांनी हात काढला नाही. चेहऱ्याचा रंग मात्र उतरला.

“भरती लागलीय,” ते म्हणाले, आणि फोन काढून साहेबाशी आमच्यासमोर भांडले. अर्ध्या तासात वळणाभोवती बॅरिकेड लागले.

दोन दिवसांनी ब्रेकरने तो भाग फोडला. मला पाटलांनी मुद्दाम बोलावलं. भराव कधीच वाहून गेला होता. काँक्रीट नुसतं अधांतरी होतं. आत काळं पाणी हलत होतं, आणि त्या पाण्यात एक जुनी दगडी चौकट उभी होती. तिला लाकडाची जाड झडप. खाडीची लाट आत आली की ती मिटायची, ओसरली की उघडायची. ठक.

“उघाडी हाय ही,” पाटील म्हणाले. “शेतात खारं पानी येऊ नये म्हनून बांधाला दार असायचं. आमच्या गावची शेतं होती इथं. बांध गेला, शेतं गेली, वर यार्ड झालं. पन हिला कोनी थांब म्हटलंच नाय.”

ऑपरेटर रीच-स्टॅकर लांब उभा करून बघायला आला होता. तो एकदा खाली बघून परत गेला आणि बराच वेळ केबिनमध्ये चढला नाही.

पुढे झडप काढली, खड्डा भरला, तिथे आता कंटेनर लागतात. मला रबाळ्याला एका बंद कारखान्याचं आवार मिळालं. प्राजक्ता तिथे महिन्याभरात स्लाइड शिकली. मागे वळून बघायची सवय मात्र जायला वेळ लागला.

शिकणाऱ्याची चूक सुधारल्यावरही तक्रार तशीच राहिली, तर ती चूक त्याची नव्हती. मग शिकवणाऱ्याने इंजिन बंद करावं आणि खाली उतरावं.