आई कामावर गेलीय

आमच्या वर्कशॉपमध्ये 'बेवारस' हा शब्द जळालेल्या विजेच्या मोटारींसाठी आहे. कुणीतरी मोटार दुरुस्तीला टाकून जातं आणि परत फिरकत नाही. मग मालक तिच्यावर खडूने 'बेवारस' लिहितात आणि ती मागच्या अंगणात गंजत पडते. अशाच एका मोठ्या मोटारीच्या पोकळ सांगाड्यात मांजराची चार पिल्लं सापडली, आणि ऑफिसमधल्या मॅडमनी तो खडूचा शब्द उचलून थेट पिल्लांना चिकटवला.

"बेवारस आहेत हो बिचारी," म्हणत त्यांनी पिल्लं खोक्यात भरून आत आणली, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. चहा संपायच्या आत एका बाईंचं उत्तर आलं की संध्याकाळी येऊन चारही घेऊन जाते.

मावशी खिडकीजवळच्या बाकावर तांब्याच्या तारेची कॉईल गुंडाळत होती. वर्कशॉप तिला मावशीच म्हणतं, माझी मात्र ती सख्खी मावशी. डिप्लोमा झाल्यावर तिनेच मला इथे चिकटवलं. कॉईल गुंडाळताना ती कुणाशी बोलत नाही, वेढे चुकतात म्हणून. त्या दिवशी तिने हातातली कॉईल अर्धी सोडली.

"बेवारस आहेत असं कुणी सांगितलं?"

"अहो मावशी, आई कुठे दिसतेय त्यांची?" मॅडम म्हणाल्या.

"कामावर गेली असेल."

मालक खोकला येईपर्यंत हसले. "कुठल्या शिफ्टला?"

"हसा. चार जणांना दूध पाजायचं तर तिच्या पोटात काही जायला नको? ते कोण आणून देणार, तुम्ही?"

हसणाऱ्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मावशीची मुलं लहान असताना काका ट्रक चालवायचे, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. मावशी इथे कामाला. दोन्ही मुलं शाळेतून यायची, त्यातल्या थोरल्या ताईच्या गळ्यातल्या किल्लीने दार उघडायची, जेवायची आणि जिन्यात बसून अभ्यास करायची. पोटं भरलेली, कपडे धुतलेले, ताईच्या वेण्या घट्ट. पण समोरच्या काकूंना ती 'उघड्यावर पडलेली' दिसली. काकूंनी हळहळत हळहळत मावशीच्या सासऱ्यांना कळवलं. सासरे आले आणि मावशी कामावर असताना मुलांना घेऊन गेले. नोकरी सोड, मग ने, असा निरोप ठेवला. नोकरी सोडून घर कशावर चालणार होतं, हे कुणी सांगितलं नाही. मुलं परत मिळवायला तिला वर्ष लागलं.

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता म्हणे. मला याचाच संताप येतो. चोर निदान चोर म्हणून येतो, आपल्याला दार लावून घेता येतं. दया करायला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार कसं लावणार?

मुलं घरी आली तेव्हा ताईने उंबऱ्यातच विचारलं, "आई, तुम्ही चप्पल कुठे ठेवता?"

तुम्ही! बोलायला लागल्यापासून 'ए आई, अगं आई' करणारी पोर. ते 'तुम्ही' जायला कितीतरी महिने गेले. मावशी म्हणते, वर्षाचं जाऊ दे, ते 'तुम्ही' अजून कानात आहे.

तेवढ्यात मॅडम बशीत दूध घेऊन आल्या. मी त्यांना थांबवलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"गाईचं दूध बिलकूल नको," डॉक्टर म्हणाले, "जुलाब होऊन हातची जातील. पोटं गोल आहेत? अंग कोरडं, गरम आहे?"

"हो."

"ओरडतायत?"

"आता ओरडतायत. उचलेपर्यंत छान झोपली होती."

"मग आई आहे त्यांची. होती तिथेच ठेवा आणि लांब व्हा. तुम्ही भोवती उभे राहिलात तर ती येणार नाही. गार पडली किंवा अंधार पडेपर्यंत ती आलीच नाही, तर माझ्याकडे आणा."

"पण आता माणसाचा हात लागला ना," मॅडम म्हणाल्या. "आता ती जवळ घेणार नाही."

"माझ्या पोरांना अख्ख्या खानदानाचा हात लागला होता," मावशी म्हणाली. "मी घेतली नाही?"

फोनमधून आवाज आला, "कोण बोलतंय ते? बरोबर बोलतायत."

पिल्लं सांगाड्यात परत गेली. मग मालकांना अंगणातला ग्राइंडर आठवला. कुणाचा तरी पंप आजच द्यायचा होता.

"आज ग्राइंडर नाही. आवाजाने ती बिचकेल," मावशी म्हणाली.

"मांजरासाठी धंदा बंद ठेवू?"

"नका ठेवू. मग कॉईलही तुम्हीच गुंडाळा."

इतक्या वर्षांत तिने मालकांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. बहुतेक मालकांनीही नव्हतं. ते पुटपुटत पंपाचं दुसरं काम बघायला गेले.

दुपार सरली. मावशी खिडकीतून अंगणाकडे बघत होती, अर्धी कॉईल मांडीवर तशीच. उन्हं उतरली तरी मांजरीचा पत्ता नव्हता. मलाही धाकधूक वाटायला लागली. खरंच आलीच नाही तर?

तेवढ्यात टोपली आणि टॉवेल घेऊन ग्रुपवरच्या बाई हजर.

"बघा, नाही आली ना?" मॅडम म्हणाल्या. "आता तरी द्या."

मावशी मागच्या दारात आडवी उभी राहिली. "अंधार पडलाय का? नाही ना?"

"अहो, मी चांगलं सांभाळेन त्यांना," बाई म्हणाल्या.

"सांभाळाल हो. माझे सासरेही छानच सांभाळत होते."

बाईंना काही कळलं नाही. त्या विचारणार, एवढ्यात मी मावशीची बाही ओढली. भिंतीवर एक कबरी मांजर उभी होती, एक कान फाटलेला. तिने आमच्याकडे रोखून पाहिलं. आम्ही सगळे आत सरकलो, मालकसुद्धा. तशी ती उतरली, सांगाड्यात शिरली आणि मानेला धरून एक पिल्लू बाहेर घेऊन आली. ते तिने अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाच्या मोटारीत ठेवलं आणि पुढच्यासाठी परत आली.

"अगंबाई, कुठे नेतेय ही?" बाईंनी विचारलं.

"पत्ता बदलतेय," मावशी म्हणाली. "मीही बदलला होता."

चौथं पिल्लू आत गेल्यावर मावशी बाकावर जाऊन बसली. अर्धी कॉईल तिने पूर्ण उलगडली आणि पहिल्या वेढ्यापासून सुरुवात केली.

मालकांनी दारातून हळूच विचारलं, "आता लावू का ग्राइंडर?"

"उद्या," मावशी मान वर न करता म्हणाली. "आत्ताच घर लावलंय तिने."