देणारीचं नाव

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्टचे मेकॅनिक. त्यांचा जन्म इमारतींच्या पोटात गेला. कंपनीतले लोक त्यांना 'वरखाली' म्हणायचे आणि त्यांना त्याचा राग नव्हता. दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये मात्र ते सहजासहजी पाय ठेवत नसत. कुणाकडे भेटीला गेलो की आधी लिफ्टच्या दाराला कान लावून उभे राहायचे, आणि आवाज पसंत पडला नाही तर आम्हा सगळ्यांना जिने चढायला लावायचे. एकदा चौथ्या मजल्यावर धापा टाकत मी म्हटलं, "भावजी, तुम्ही डॉक्टर झाला असतात तर चहा पिण्याआधी त्याचीही नाडी बघितली असतीत." ताई कठड्याला धरून हसत सुटली. भावजी म्हणाले, "अजून दोन मजले आहेत, श्वास जपून वापर."

माणूस चिक्कू नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. हिशेबी होता, एवढंच. वाया जाणारी गोष्ट त्यांना बघवायची नाही, मग ती ग्रीसची बोटभर पुडी असो नाहीतर सरकारची सवलत असो.

ही सवलत समजायला सोपी आहे. कर भरणाऱ्या माणसाने एखाद्या संस्थेला दान दिलं, आणि 'ही रक्कम माझी आहे, तिच्यावर मी कर भरलेला आहे' असं लिहून सही केली, तर तो कर सरकार स्वतःकडे ठेवत नाही, त्या संस्थेला देऊन टाकतं. शंभर दिले की संस्थेच्या हातात सव्वाशे पडतात. देणाऱ्याला स्वतःला करात सूट मिळत नाही, पण त्याच्या खिशातून जास्तीचंही काही जात नाही. अट एकच: देणारा कर भरणारा हवा. ताई घर सांभाळायची, तिला कमाई नव्हती, म्हणून करही नव्हता. तिने शंभर दिले तर त्याचे शंभरच राहायचे.

त्यामुळे त्यांच्या घरातली प्रत्येक पावती भावजींच्या नावाची. ताईच्या मनात यायचं, मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेला काही द्यावं, वाचनालयाला द्यावं. पैसे ती घरखर्चात काटकसर करून बाजूला काढायची, आणि जाऊन सही करायचे भावजी. ती काही म्हणायची नाही. आमची आई गेली तेव्हा मात्र तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. आई जन्मभर त्या वाचनालयाची सभासद होती. ताईने आईच्या आठवणीसाठी तिथे एक कपाट द्यायचं ठरवलं आणि म्हणाली, "अहो, एवढी एक पावती माझ्या नावाची करू या का?"

"अगं, पण उपयोग काय?" भावजी म्हणाले. "तुझ्या नावाने दिलं तर तेवढंच. माझ्या नावाने दिलं तर त्यांना पाव पट जास्त मिळतं. एका कपाटाच्या जागी कपाट आणि वर पुस्तकं येतील. आणि पैसे तरी शेवटी माझ्याच पगारातले ना?"

"मग द्या तुमच्या नावाने," ताई म्हणाली.

पंधरवड्याने वाचनालयाचं आभाराचं पत्र आलं. 'आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ आपण दिलेल्या देणगीबद्दल' वगैरे, भावजींच्या नावाने. ताईने ते त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "माझी आई तुमच्या नावावर लागली हो." मी तिथेच बसले होते. भावजींचा घास हातात राहिला. तो विषय तिथेच दबला. मला त्यांचा इतका राग आला होता की मी कित्येक दिवस त्यांच्या घरी पाय ठेवला नाही.

मग ताईचं दुखणं आलं आणि सगळे रुसवेफुगवे जागच्या जागी विरले. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिला आम्ही एका संस्थेत नेलं. औषधांचा उपयोग संपलेल्या माणसांचे शेवटचे दिवस वेदनेशिवाय जावेत म्हणून ती संस्था चालते, फक्त देणग्यांवर. भावजी तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. दाढी वाढली, डोळे आत गेले. शेवटी तिथल्या नर्सने त्यांना बळेबळे घरी पाठवलं, "काका, अंघोळ करा, चार तास पाठ टेका, मी आहे ना इथे." ते गेले. आणि त्याच पहाटे ताई गेली.

धावतपळत ते आले तेव्हा रडले नाहीत, कुणाला बोल लावला नाही. त्या नर्सला एवढंच विचारलं, "एकटी नव्हती ना?"

"नाही हो काका. हात हातात घेऊन बसले होते मी. दुसरी सिस्टर बाकीच्यांच्या बेल बघत होती."

हे एक वाक्य त्यांना पुढची वर्षं पुरलं. खोटं कशाला सांगू, मलाही पुरलं.

महिन्याभराने ते संस्थेच्या ऑफिसात देणगी घेऊन गेले आणि पावतीवर नाव घालायला सांगितलं ते ताईचं. पुढच्या महिन्यातही तेच. पगाराचा चांगला मोठा वाटा ते देत. निवृत्त व्हायचं वय झालं तरी कंपनीला सांगून काम चालू ठेवलं. माझीही मुलं मार्गाला लागली होती, म्हणून मी त्या ऑफिसात मदतीला जायला लागले आणि पावत्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. दर महिन्याला भावजी समोर उभे राहायचे, मी विचारायचे, "नाव?", आणि ते ताईचं पूर्ण नाव सांगायचे, जसं काही ती खाली रस्त्यावर उभी आहे आणि त्यांना वर पाठवलंय. मी ते सावकाश, वळणदार अक्षरात लिहायचे. महिन्यातून एकदा तिचं नाव लिहायला मिळायचं, तेवढंच.

यात सरकारचा पाव हिस्सा बुडत होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बोललो कधीच नाही.

मग संस्थेत नव्या हिशेबनीस बाई आल्या. वयाने लहान, पण कामाला वाघीण. संस्थेची ओढाताण चाललीच होती. येत्या महिनाअखेरीच्या बैठकीत रात्रपाळीच्या दोन नर्सपैकी एक कमी करायची, असं जवळपास ठरलं होतं. बाईंनी सगळ्या पावत्या उपसल्या आणि कोणाकोणाची सही राहिली आहे ते शोधून काढलं. सगळ्यांत मोठी रक्कम ताईच्या नावावर निघाली.

"मावशी, या तर वारलेल्या आहेत," बाई म्हणाल्या. "देणारे त्यांचे मिस्टर ना? त्यांनी लिहून दिलं की रक्कम माझीच होती, तर मागच्या काही वर्षांचाही कर मागता येतो. बाकीच्या लोकांच्या सह्या मिळताहेत. यांचीही मिळाली तर दुसऱ्या सिस्टरांचा पगार निभेल. तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

जिवावर आलं होतं, पण गेले. भावजी एका जुन्या इमारतीत कामावर होते आणि लिफ्ट अर्थातच बंद होती. गच्चीवरच्या, लिफ्टच्या मोटारखोलीपर्यंत चढताना मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आत ते उकिडवे बसून ब्रेकचा पट्टा घासत होते. खोलीभर तेलाचा वास, भिंतीला टांगलेले पाने, पायाशी चिंध्यांचा डबा. मला बघून त्यांनी एक खोकं पुसून पुढे सरकवलं.

"बस, धाकटे. एवढे जिने चढलीस म्हणजे काम मोठं दिसतंय."

मी सगळं सांगितलं. ते घासायचे थांबले.

"म्हणजे मी असं लिहून द्यायचं, की तिने काही दिलंच नाही. सगळं मीच दिलं."

"तसं नाही भावजी. देणारे म्हणून तुमचं नाव, आणि खाली 'स्मरणार्थ' म्हणून ताईचं. दोन्ही राहतात पावतीवर."

"स्मरणार्थ नको," ते एकदम चिडून म्हणाले. "स्मरणार्थ म्हणजे मेलेलं माणूस. देणारी म्हणजे... देणारी कुठेतरी असते गं. उठून देतेय काहीतरी. आयुष्यभर तिला एक पावती घेऊ दिली नाही मी. आता कुठे तिच्या नावाच्या झाल्या, तर त्याही काढून घेऊ?"

मलाही तेच हवं होतं. मी फक्त एवढं म्हटलं, "सही झाली नाही तर रात्रीची एक सिस्टर कमी करणार आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पट्टा घासायला लागले आणि म्हणाले, "सांभाळून उतर. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय."

बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी, ते ऑफिसात आले. कामाच्या कपड्यांतच होते, नखांत ग्रीस होतं. हिशेबनीस बाईंनी अदबीने खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"एक विचारायचंय," ते बाईंना म्हणाले. "एकच सिस्टर असली आणि एखाद्याची वेळ आली, आणि तेवढ्यात दुसऱ्या खोलीतली बेल वाजली, तर काय करते ती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खरं तेच सांगितलं. "जावं लागतं, काका. बेल वाजली की जावंच लागतं."

"म्हणजे तो माणूस एकटा."

"हो."

"कुठे सही करायची ते दाखवा," भावजी म्हणाले.

त्यांनी मजकूर शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचला. 'खालील सर्व रकमा मी स्वतः, माझ्या करपात्र उत्पन्नातून दिलेल्या आहेत.' वाचून झाल्यावर विचारलं, "यात कुठे असं लिहिता येईल का, की तिने सांगितलं म्हणून दिलं?"

"तशी जागा नाही हो काका यात," बाई म्हणाल्या.

भावजींनी सही केली. मग जुन्या पावत्यांच्या स्थळप्रतींवर 'रद्द' शिक्का मारून त्या नव्याने करायच्या होत्या. माझ्या अक्षरातलं ताईचं नाव एकेक पान उलटलं की समोर येत होतं. पहिल्या पानावर शिक्का टेकवला आणि माझा हात पुढे सरेना. "दे इकडे," भावजी म्हणाले आणि शिक्का माझ्या हातातून घेतला. ते खुर्चीत बसले आणि एकेका पानावर मारत गेले. जोरात नाही. नाव पुसलं जाऊ नये म्हणून शिक्का जरा बाजूला धरत होते, पण जागा थोडी होती, त्यामुळे तो नावावर यायचाच. मध्येच एकदा स्वतःशीच म्हणाले, "द्या तुमच्या नावाने, म्हणाली असती." त्यांचे डोळे वाहत होते. पुसायला हात स्वच्छ नव्हते, म्हणून ते तसेच वाहू देत होते. बाई उठून खिडकीशी गेल्या. मी समोर बसून ढसाढसा रडले. लाज वाटली नाही.

सगळं संपल्यावर त्यांनी खिशातून त्या महिन्याचे पैसे काढून टेबलावर ठेवले. मी कोरी पावती ओढली. या वेळी नाव विचारलं नाही. देणाऱ्याच्या रकान्यात त्यांचंच लिहिलं. खालचा 'स्मरणार्थ'चा रकाना रिकामा होता. त्यावर पेन धरून मी थांबले. मोटारखोलीत ते कसे उसळले होते ते मला आठवत होतं.

"हे कोरं ठेवू का, भावजी?" मी विचारलं.

त्यांनी त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नको, लिही. स्मरणार्थ लिही. गेलीच आहे ती."