शिंगराचं पोट

आमचं घर शहराच्या कडेला गोत्रीत, एका सोसायटीच्या भिंतीला लागून आहे. आम्ही आधीपासून आहोत, सोसायटी नंतर आली. नवरा गाढवांवरून रेती आणि विटा वाहायचा. तो गेल्यावर मुलाने टेम्पो घेतला आणि गाढवं देऊन टाकली. एक गाढवीण गाभण होती, ती मी ठेवून घेतली. सोसायटीच्या सेक्रेटरीने तेव्हाच बजावलं, घाण दिसली की तक्रार करणार. म्हणून लीद पडली की मी पाटी घेऊन लगेच उचलायची. अंगण चुलीपुढच्या जागेसारखं ठेवलं.

शिंगरू झालं, मादी. काही दिवसांनी ते आईच्या लिदीला तोंड लावायला लागलं. मी थोबाडावर चापट द्यायची आणि पाटी भरायची.

पुढे त्याला हगवण लागली. पोट सुटलं, मांड्या वाळल्या. मुलाने करजणहून वासरांची पावडर आणली. पुड्यावर लिहिलं होतं, पचन आणि वाढ. चार दिवस चाटवली. पाचव्या दिवशी शिंगरू उठेना, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं.

त्याने पुडा वाचून बाजूला टाकला. "वासराचं गाढवाला द्यायचं नाही, माँजी. कशाकशात असलं औषध असतं की गाढव मरतं." मग अंगणभर नजर फिरवली. "लीद कुठे आहे?"

"उचलली."

"रोज उचलता?"

"पडली की लगेच."

"आईची लीद खाऊन याचं पोट गवत पचवायला शिकतं. तुम्ही याच्या पुढचं ताट उचलत होतात."

त्याने एक डबा दिला. आत पोटाला लागणारे चांगले जंतू आहेत, म्हणाला, दोन वेळा जिभेवर चोळा आणि लीद पडू द्या. वाढीचं नंतर बघू.

माझा जन्म गाढवांत गेला आणि हे मला माहीत नव्हतं. पूर्वी गाढवं उघड्यावर असायची. लीद उचलायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. शिंगरं आपापली खात असतील, बघत कोण होतं?

मुलगा म्हणाला, "आई, लीद ठेवलीस तर भिंतीपलीकडचे गप्प बसणार नाहीत. दोघींना घालवावं लागेल."

"उचलली तर हे मरेल."

"मग?"

"मग काय, पाटी आत ठेव."

आठवड्याभरात शिंगरू उभं राहिलं. हगवण थांबली. त्याच आठवड्यात सेक्रेटरी भिंतीवरून गुजराती-मराठीत ओरडला, "बा, आ शुं मांड्युं छे? हे काय मांडलंय? आम्ही जेवायचं कसं?"

"हेही जेवतंयच," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी चेष्टा करते. तक्रार झाली. महापालिकेने जनावरं हलवायला महिन्याची मुदत दिली. तेवढ्या दिवसांत शिंगराच्या मांड्या भरल्या.

करजणचा एक वीटभट्टीवाला दोघींना न्यायला टेम्पो घेऊन आला. मी त्याच्या हातात डबा दिला. "अजून थोडे दिवस लीद लगेच उचलू नकोस."

तो हसला. "माँजी, भट्टीवर लीद उचलायला वेळ कुणाला आहे?"

"बरं," म्हटलं.

आई आधी चढली, मागून शिंगरू. टेम्पो गेल्यावर मी पाटी बाहेर काढली.