शाळेच्या चुलीवरची लाखोळी

ती घटना आठवली की आजही हातातला घास खाली ठेवावासा वाटतो. इंग्रजांचं राज्य होतं, मी सालेकसा भागात ठाणेदार होतो. धान करपलेलं वर्ष. पोरं शाळेत टिकावीत म्हणून एका गावच्या हेडमास्तरांनी दुपारचं जेवण सुरू केलं होतं. डाळ गावच्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, दान दिलेली.

काही महिन्यांनी गावचा कोतवाल खबर घेऊन आला. "साहेब, शाळेतली सात पोरं पांगळी झाली. सैपाकीण जेवनात जहर घालून राहिली."

ती बाई विधवा, तोंडाने फटकळ. अशा बाईवर संशय घ्यायला पुरावा लागत नाही. गाव खवळलेलं, मीही सरळ अटक केली. चार दिवस कोठडीत दम भरला. कोणतं जहर? कोणी दिलं? चौथ्या दिवशी ती भडकली.

"जहर घातलं असतं तं माह्या पोरीले काऊन खाऊ घातलं असतं? त्या सातात माहीबी पोरगी हाये ना!"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. लाज वाटली. तसाच गावात गेलो, पंचनामा करून शाळेतली डाळ जप्त केली. सरकारी डॉक्टरांनी ती हातात घेताच ओळखली. "ही लाखोळी. महिनोन्‌महिने हीच खाल्ली की पाय जातात. गेलेले परत येत नाहीत."

धान कापल्यावर शेताच्या बांधीत उरलेल्या ओलीवर येणारी ही डाळ मालगुजार मजुरीतही देई. पोरं घरी तेच खात, शाळेतही तेच. मी त्याला विचारलं, "तुमच्या घरी कोणती डाळ शिजते?"

"तुरीची," तो म्हणाला. अगदी सहज.

कोणतं कलम लावणार? दान देणं गुन्हा नव्हता. बाईला सोडलं. डॉक्टरांच्या हुकुमाने शाळेची चूल बंद झाली, दुसरी डाळ कोणी दिली नाही. आठवड्याने गेलो तर वर्ग जवळजवळ रिकामा, आणि त्या बाईच्या घरी लाखोळीच शिजत होती. पोरगी दाराशी बसूनच सरकत होती.

"अगं, कळत नाही का तुला?" मी ओरडलो.

"कळते ना, साहेब. मंग काय खाऊ घालू? तुमीच सांगा."

नोकरीत मी खुनी पकडले, दरोडे उघडकीस आणले. या प्रकरणाने एवढंच शिकवलं, की कोणी केलं ते शोधून काढलं तरी उपाशी पोराच्या ताटात त्याने काही पडत नाही. त्या बाईच्या दारात मी टोपी घातली आणि खाली मान घालून निघून आलो.