मंत्र्यांनी पाठवलेली पेटी

मंत्र्यांचा माणूस आज काटोलच्या संत्र्यांची पेटी घेऊन घरी आला. त्या वासासरशी मला त्यांच्या धरमपेठेतल्या बंगल्यातली हिवाळ्याची एक दुपार आठवली. मी त्यांचा दुभाषा होतो. एका परदेशी कंपनीच्या साहेबाला ते स्वतः फोडी सोलून देत होते आणि तो बियांसकट गिळत होता.

"थुक म्हणा त्याले, पोटात झाड उगवन!" मंत्री मला म्हणाले.

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि आम्ही तिघेही हसलो. तेव्हा मला तो पाहुणचार वाटला होता.

आता त्या कंपनीने दिलेल्या लाचेच्या चौकशीत मंत्री आणि तो साहेब, दोघांची नावं आली आहेत. खुर्ची हलू लागताच मंत्री म्हणतात, आमची भेटच झाली नाही. इतके दिवस मीही गप्प राहिलो, याची लाज वाटते.

"काका, वय झालं तुमचं. आठवत नाही म्हणा न," पेटी खाली ठेवत मंत्र्यांचा माणूस म्हणाला.

"मले त्या बियासुद्धा आठवतात गा. उद्या चौकशीत तेच सांगतो. उचल ती पेटी."