ओट्याखालचा समुद्र

माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, बायकांचे कपडे शिवतात. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. तिथे एक मशीन, कापड बेतायचं लांबलचक टेबल, कपडे घालून बघायला पडदा लावलेला कोपरा आणि मधल्या भिंतीला टेकून खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी. त्यात नारिंगी माशांची एक जोडी, एक पिवळाजर्द रागीट मासा आणि संथ डोलणारी मऊ पोवळी. दंतवैद्याकडे दाढ काढायला गेल्या असताना तिथली टाकी बघून वन्सं अशा खुळावल्या, की त्यांचा नंबर आला तरी जागच्या उठेनात. दाढ तिथे ठेवली आणि हे वेड घरी आणलं. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "मापात बसणारा मिळाला नाही."

अशा टाकीखाली कपाटात आणखी एक छोटी टाकी असते, हे मला या घरात आल्यावर कळलं. वरचं पाणी नळीने तिच्यात उतरतं, कापडी पिशवीतून गाळलं जातं, मग एका नळकांड्यात त्याचा फेस होऊन मळ वेगळा निघतो आणि पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. तिला म्हणतात संप. माझा नवरा बसचा ड्रायव्हर. त्याला या शब्दावर कोटी केल्याशिवाय घास उतरत नाही. "आमच्याकडे संप झाला की गाड्या बंद. ताईचा संप बंद पडला की मासे बंद!"

एके दुपारी वीज गेली. वन्सं एका गिऱ्हाईक बाईंच्या कोटाच्या बाहीला टाचण्या लावत होत्या. बाई हात पसरून उभ्या होत्या, हलायची सोय नाही. थोड्या वेळाने त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, माझ्या पायाखाली पाणी आलंय. कोमट आहे, छान वाटतंय, पण आलंय."

कपाटातून पाण्याचा ओघळ थेट अस्तराच्या गठ्ठ्याकडे निघाला होता. आम्ही दोघी फडकी घेऊन धावलो. बाई तशाच हात पसरून आम्हाला "तिकडे, तिकडे!" करत होत्या. मोठ्या टाकीतलं पाणी पंपाच्या नळीतून उलटं खाली येत होतं. असं होऊ नये म्हणून त्या नळीला वरच्या टोकाशी एक भोक ठेवलेलं असतं. पाणी जरासं उतरलं की भोकातून हवा शिरते आणि धार तुटते. वन्संनी वर डोकावून पाहिलं, तर त्या भोकावर टाकीतलीच एक गोगलगाय बूच लावल्यासारखी बसलेली!

नवरा संध्याकाळी आला आणि हसून हसून लोळायचा बाकी राहिला. वन्संही हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "तिची काही चूक नाही. ती बसणारच. संप एवढा मोठा पाहिजे, की ती बसली तरी आपलं निभावलं पाहिजे."

झालं, घरात दुसरा विषय राहिला नाही. वन्संनी मागवायचा संप आधी खाकी कागदावर बेतला, अगदी कोटाचा बेत काढावा तसा. इथे गाळायची पिशवी, इथे फेसाचं नळकांडं, इथे दिव्याखाली वाढणारं समुद्री शेवाळ, शेवटी पंप. वर चार बोटं जागा मोकळी सोडलेली पाहून मी विचारलं, "ही कशाला?"

"ती माया," त्या म्हणाल्या. "शिवणीत आपण जास्तीचं कापड सोडतो ना, पुढे अंगाला घट्ट झालं तर उसवायला? तशीच. वीज गेली की नळीच्या तोंडापर्यंत उतरणारं वरचं पाणी इथे मावलं पाहिजे."

मग पुठ्ठ्याचा संप तयार झाला. तो कपाटात गेलासुद्धा! वन्सं टाळ्या पिटणार तोच नवरा म्हणाला, "ताई, पुठ्ठा वाकला म्हणून गेला. काच वाकेल का?" वन्संनी कपाटाच्या दाराला टेप लावला आणि मटकन खाली बसल्या. लहान केला तर माया जाणार, ठेवला तर दारातून आत जाणार नाही. काचवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मी आत आडवा पडून चिकटवतो, पण मग मलाही आतच ठेवा."

कागद गुंडाळून टेबलाखाली गेला. दोन-तीन दिवसांनी एका सकाळी मी भाजी घेऊन परतले, तर त्या स्वयंपाकघरात ओट्याखाली डोकं घालून बसलेल्या. गळ्यात टेप.

"वन्सं, काय मापताय?"

"काही नाही गं, सहज."

सहज कुणी ओट्याखाली शिरतं? माझ्या लक्षात आलं. ओटा आणि टाकी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. भिंतीला दोन भोकं पाडली की नळ्या इकडे आणता येतील, आणि ओट्याखाली जागा ऐसपैस. फक्त तिथे माझी मोठी पातेली होती, आणि नणंद असूनही ती हलवा म्हणायचा त्यांना धीर होत नव्हता.

मी म्हटलं, "जागा देते. पण एक अट आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "सांग."

"पुढे दार लावायचं नाही. सगळा समुद्र तुमच्या गिऱ्हाइकांनीच बघायचा का? मी काय नुसती फोडणीच बघत राहू?"

वन्संनी मला अशी मिठी मारली की भाजीची पिशवी दोघींच्या मध्ये चेंगरली. "तुझ्या बाजूची काच मी रोज पुसेन," म्हणाल्या.

भिंत नवऱ्याने फोडली. पहिलं भोक तिरकं गेलं, ते त्याने "मुद्दाम, उतार हवा ना" म्हणून खपवलं. काचवाला संप घेऊन आला आणि तो ओट्याखाली सरकवताना आम्ही तिघं श्वास रोखून उभे. बसला, अगदी अंगासरसा. आधी साध्या पाण्याने भरून ठेवला, कुठे ठिबकत नाही याची खात्री केली, मग खारं पाणी आणि गाळायची नवी पिशवी, अर्थात वन्संच्या हातची, दुहेरी शिवणीची.

रविवारी परीक्षा होती. वन्संनी नळीच्या भोकावर गोगलगायीच्या जागी स्वतःचं बोट ठेवलं आणि पलीकडून ओरडल्या, "कर बंद!" नवऱ्याने बटण दाबलं. पंप थांबला. मी स्वयंपाकघरात चादरी, पंचे, सगळं घेऊन फरशीवर बसले होते. पाणी चढू लागलं. अर्धी मोकळी जागा गेली, आणखी गेली, काठ जवळ आला.

"काय झालं?" पलीकडून.

"चढतंय!"

"आता?"

"अजून चढतंय!" आणि मग काठाखाली बोटभर अंतरावर ते थांबलं. "थांबलं! वन्सं, थांबलं!"

त्या ओलं बोट तसंच उगारून धावत आल्या. या वयात बाईने एवढी उडी मारलेली मी पाहिली नव्हती.

आठवड्याभरात सकाळी चहाचं आधण ठेवताना मला शेवाळात काहीतरी हललेलं दिसलं. खाली वाकले, तर राईच्या दाण्याहून बारीक जीव, शेकड्याने, इकडून तिकडे टुणटुण उड्या मारताहेत. मी हाक मारली. वन्सं चष्मा शोधत आल्या आणि फरशीवर माझ्या शेजारीच बसल्या.

"कुणी आणले हे?" मी विचारलं.

"कुणी नाही गं. आपणहून झाले. जागा मिळाली ना त्यांना." त्या हसत होत्या. "माशांचा खाऊ घरच्या घरी."

तेवढ्यात नवरा दारात. "आज चहा मिळणार का?"

"तुझा तू कर," आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "आणि उजेड अडवू नकोस."